छज्ज्यावरून कारल्याच्या मांडवावर

मी एक जुनी लाइटची पट्टी आहे. रंग बदलणारी. म्हणजे, बदलायची. मित्रांनो, आता माझा एकच रंग उरलाय, धुळीचा. वलगावला बुधाजी कंडक्टरच्या घरामागं चार बांबूंचा मांडव आहे, त्यावर कारल्याचा वेल आहे, आणि त्या मांडवाचा एक कोपरा सध्या मी बांधून धरलाय. वेलाला माझ्याबद्दल काडीचा आदर नाही. तो मला सुतळी समजतो. पण एके काळी रस्त्यानं जाणारे लोक मान वर करून माझ्याकडं पाहायचे, आणि त्यातला एक जण तर मला पाहता पाहता सायकलसकट नालीत गेला होता.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. जन्मल्याबरोबर माझी परीक्षा घेतली: लाल हो, हिरवी हो, निळी हो. मी झाले. मग माझं भेंडोळं करून मला खोक्यात भरलं. खोक्यावर छापलं होतं की ही पट्टी घराच्या बाहेरून लावा, स्वतःच्या हातानं लावा, ऊन-पाणी सोसते आणि कायमची टिकते. ज्यानं हे छापलं त्यानं वऱ्हाडातला मे महिना काही पाहिलेला नव्हता.

अमरावतीच्या दुकानातून मला दीपमालानं आणलं. बुधाजी आणि जाईबाई यांची ती एकुलती एक मुलगी. नर्स होती. मस्कतच्या दवाखान्यात तिला नोकरी लागली होती आणि जूनमध्ये ती जाणार होती. घरात त्या गोष्टीचा आनंद एवढा झाला होता की जाईबाईनं जेवणच कमी केलं होतं.

पहिल्या दिवशी ओट्यावर मला उलगडून दीपमाला आईला समजावत होती.

"आई, तिथं रोज बोलाले भेटन का नाही, मले माहीत नाही. पण मोबाइलवरून मी तिथून आपल्या घराचा रंग बदलवू शकतो. निळा आला का समज, दीपमाला मजेत आहे. पिवळा म्हणजे काम लय आहे. हिरवा म्हणजे आज सुटी."

"अन् लाल?"

"लाल म्हणजे तब्येत बिघडली. तो मी कधी पाठवणारच नाही."

जाईबाई पट्टीवरून हात फिरवत म्हणाली, "अन् आठवण आली त?"

दीपमालानं पट्टीचा पीळ सरळ केला. "गुलाबी," ती म्हणाली. "आठवण आली का गुलाबी."

मित्रांनो, माझ्या अंगावरून पहिला मायेचा हात फिरला तो तेव्हा. पुढचे हात हातोडीचे होते.

बुधाजींनी सारी नोकरी एस.टी.त कंडक्टर म्हणून काढली होती. रिटायर झाले तरी चामड्याची ती बॅग खुंटीवरून उतरली नव्हती, आणि कुठलंही काम सुरू करायचं तर ते आधी दोनदा टकटक करायचे. डबल बेल. त्याशिवाय त्यांची गाडी हलत नसे. वायरमन बोलवू म्हटलं तर त्यांना अपमान वाटला. "खोक्यावर लिहेल आहे ना, आपल्या हातानं लावा म्हणून. वायरमनच्या हातानं लावा असं कुठं लिहेल आहे?"

मोजमाप त्यांनी एस.टी.च्या पद्धतीनं केलं. गेट ते ओटा एक टप्पा, ओटा ते न्हाणी दुसरा टप्पा. घराला कोपरे असतात, छज्जा बाहेर येतो, परत आत जातो, हे टप्प्यात धरलं नव्हतं. आणि सुरुवात केली मागून, न्हाणीपासून. दीपमालानं शिडी धरली, बुधाजींनी शिडीवर दोनदा टकटक केली आणि वर चढले. समोरच्या भिंतीवर येईपर्यंत मी संपत आले. दाराच्या वर पोचले आणि संपले. पुढची अर्धी भिंत कोरडीच राहिली.

शेजारचा डोमाजी कुंपणावर हात टेकून सगळं पाहत होता. तो भाजीपाला पिकवायचा आणि सल्ला फुकट द्यायचा.

"बुधाजी, समोरून अर्धं घर, अन् मांगं न्हानी पुरी. तुया घरी पाहुने मांगून येतात काय?"

"आंगोळ करतानी माणसाले प्रसन्न वाटलं पाहिजे," बुधाजी वरून म्हणाले.

"मंग साबन कायले, लाइटच चोळ ना आंगाले."

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा लागले. दीपमालानं मोबाइलवर बोट ठेवलं आणि मी निळी झाले. गल्लीतली पोरं धावत आली. जाईबाई दोन्ही हात तोंडावर ठेवून पाहत राहिली. खरं सांगते, एवढं कौतुक मला परत कधी मिळालं नाही.

पण मी चिकटले होते माझ्या पाठीवरच्या गोंदानं. आणि उन्हाळा होता आपल्या अमरावती-अकोल्याकडचा, जिथं डांबरी रस्त्यात चप्पल रुतून बसते. दोन-तीन दिवसांत गोंदाचं पाणी झालं. जाईबाई ओट्यावर बसून डाळ निवडत होती, दिवेलागणीची वेळ होती, मी लागलेली होते, आणि वरून सुटले ती थेट तिच्या मांडीवर. लांबलचक, गरम, हिरव्याची लाल होत. तिनं जी आरोळी ठोकली ती बसस्टँडपर्यंत गेली असेल. डोमाजी काठी घेऊन कुंपणावरून उडी मारून आला.

"सरक वयनी, हा रंग बदलनारा साप आहे, लय जहाल राहते," म्हणत त्यानं मला चार सणसणीत काठ्या घातल्या. मित्रांनो, मी हलत नव्हते, तरी घातल्या. नंतर म्हणतो कसा, "मेला वाटते. पन उजेड जाऊन नाही राहिला त्याचा."

माझे दाराच्या वरचे काही दिवे त्या मारानं कायमचे गेले. पुढं घर उजळलं की दाराच्या बरोबर वर तेवढी एक काळी फट दिसायची, पडलेल्या दातासारखी.

बुधाजींनी मग मला खिळ्यांनी ठोकलं. दोन्ही बाजूंनी खिळे आणि वर वाकवलेली डोकी. दुखलं, पण परत पडले नाही. आता चिंता उरली माझ्या डबीची. मला वीज देणारी आणि मोबाइलचं ऐकणारी ती डबी उन्हानं तव्यासारखी तापायची. आणि इथं बुधाजींनी ते केलं, जे या मुलखातलाच माणूस करू जाणे. त्यांनी डबी कुलरमध्ये ठेवली.

खिडकीला लावलेला तो पत्र्याचा मोठा कुलर, तीन बाजूंना गवताच्या ताट्या, त्यांवरून पाणी ठिबकतंय, आणि आत वरच्या पट्टीला तारेनं बांधलेली माझी डबी.

"बाबा, पाणी अन् लाइट संग संग?" दीपमाला कपाळाला हात लावून म्हणाली.

"माणूस तापते त यंत्र नाही तापत काय? पाणी खालून आहे, डबी वरून आहे. हवा खाऊन राहिली ती बिचारी."

जाईबाईनं मात्र त्या दिवसापासून चप्पल घातल्याशिवाय कुलरला हात लावला नाही.

जूनमध्ये दीपमाला गेली. गाडी दाराशी आली, बॅगा चढल्या. जाईबाई रडली. बुधाजी रडले नाहीत. मुलीला ते एवढंच म्हणाले, "पासपोर्ट वरच्या खिशात ठेव." बसमध्ये हजारो लोकांशी बोललेला माणूस, पण घरच्यांशी बोलायचं म्हटलं की त्यांच्या तोंडातून फक्त सूचना निघायच्या. मग त्यांनी गाडीच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली आणि गाडी गेली.

पहिले काही महिने माझे सोन्याचे. रोज दिवे लागायच्या वेळी जाईबाई ओट्यावर येऊन बसायची. मी निळी झाले की म्हणायची, "मजेत आहे." पिवळी झाले की, "दमवून राहिले पोरीले." हिरवी झाले की आत जाऊन स्वतःसाठी चहा ठेवायची, जणू सुटी तिचीच. डोमाजीसुद्धा कुंपणावरून विचारायचा, "काय वयनी, आज काय म्हनते मस्कत?" गुलाबी मात्र कधी आला नाही.

मग दिवाळीच्या आसपास मोबाइलचा निरोप येणं थांबलं. मला ते लगेच कळलं, कारण निरोप आधी माझ्याकडं यायचा. एक दिवस नाही, दुसऱ्या दिवशी नाही. पण तोवर त्या डबीत उन्हाळाभर पाणी झिरपलेलं होतं आणि तिचं डोकं फिरलेलं होतं. संध्याकाळ झाली की ती मनाला येईल तो रंग मला द्यायची. एकदा पिवळा, एकदा निळा, एकदा न्हाणीकडून हिरवा आणि दाराकडून पिवळा. जाईबाई त्याचाही अर्थ लावायची. "अर्धी सुटी असन." मी वरून पाहायची आणि मला बोलता येत नव्हतं.

मार्चमध्ये कुलर परत सुरू केला, पाण्याचा पहिला शिडकावा डबीवर पडला, आणि त्या संध्याकाळी मी लाल झाले. न्हाणीपासून दारापर्यंत लालभडक.

जाईबाईच्या हातातलं सूप ओट्यावर पडलं. बुधाजींनी फोन लावला, लागला नाही. परत लावला. जाईबाई जेवली नाही, आत गेली नाही, माझ्याकडं पाहत खांबाला टेकून बसून राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन उचलला गेला. बुधाजी कुलरच्या बाजूला उभे होते, म्हणून मला दोन्हीकडचं ऐकू आलं.

"बाबा, ड्युटीवर होतो. बरी आहो मी. काय लाल?"

"घरावर. तू लाल पाठवला."

"बाबा, ते रंगाचं त जुन्या मोबाइलमधी राहून गेलं. दिवाळीपासून मी काहीच नाही पाठवलं. काहून, रंग येऊन राहिला काय?"

बुधाजींनी कुलरकडं पाहिलं. पाणी ठिबकत होतं.

"आईले नको सांगू," ते म्हणाले.

"येत्या रविवारी नवीन मोबाइलमधी टाकतो मी ते. नक्की टाकतो बाबा."

"टाक. अन् जेवत जाय टायमावर."

बाहेर येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, "बरी आहे. बोट चुकून लागलं म्हणे तिचं." जाईबाईनं त्यांच्याकडं बराच वेळ पाहिलं, आणि मग ती जेवायला उठली.

मित्रांनो, तो रविवार आला आणि गेला. त्याच्यामागून पुष्कळ रविवार आले. दीपमाला वाईट मुलगी नव्हती. ती फोन करायची, दहा मिनिटं बोलायची, दमलेली असायची. फक्त ते एक काम राहून जायचं.

पण त्या दिवसापासून माझा रंग परत शहाणा झाला. खोक्यात माझ्याबरोबर एक छोटा रिमोट आला होता, रंगाच्या बटणांचा, आजवर कोणी न वापरलेला. बुधाजींनी तो कंडक्टरच्या बॅगेत टाकला. संध्याकाळ झाली की बॅग गळ्यात अडकवून ते कुलरपाशी जायचे. बिघडलेली डबी रिमोटचं ऐकायची, पण अगदी जवळून. म्हणून कुलरचा मागचा पत्रा उघडावा लागायचा. पत्रा खडखड वाजायचा. मग ते बटण दाबायचे आणि मी रंग घ्यायची.

"कुठं गेलते?" जाईबाई विचारायची.

"कुलरचं पाणी पाहाले."

थंडी पडली. डिसेंबरमध्ये चिखलदऱ्याहून आलेले लोक कानाला मफलर बांधून फिरत होते. तरी बुधाजी रोज संध्याकाळी कुलरचं पाणी पाहायला जायचे. डिसेंबरात कुलरचं पाणी पाहणारा अख्ख्या वलगावात तो एकच माणूस असेल. डोमाजीनं एकदा विचारलंच, "बुधाजी, मासोळ्या सोडल्या काय त्याच्यात?"

त्यांचा घोटाळा व्हायचाच. त्यांना जवळचं दिसायचं नाही, आणि चष्मा घालून कुलरकडं गेलं तर संशय येईल म्हणून चष्मा घालायचे नाहीत. पण सगळ्यांत मोठा घोटाळा झाला तो डोमाजीची आई पार्बताबाई गेली तेव्हा. तिसरा दिवस होता. डोमाजीच्या अंगणात सतरंजीवर माणसं खाली मान घालून बसलेली. बुधाजींना निळं बटण दाबायचं होतं. बोट पडलं नाचऱ्या बटणावर. मी थुईथुई करायला लागले. लाल-हिरवी-जांभळी, इकडून तिकडं पळत, लग्नघरासारखी. सतरंजीवरची माणसं आळीपाळीनं हिरवी आणि जांभळी होऊ लागली. बुधाजी कुलरमागं घाबरून बटण दाबत होते, आणि जितकं दाबत होते तितकी मी जोरात नाचत होते. मला थांबायचं होतं, मित्रांनो. माझ्या हातात काही नव्हतं.

डोमाजी कुंपणापाशी आला. त्याचे डोळे सुजलेले होते.

"बुधाजी, माय गेली माही. अन् तुया घरावर वरात नाचून राहिली."

बुधाजी ओट्यावर येऊन उभे राहिले. रिमोट बॅगेत, हात बॅगेवर. खरं काय ते सांगावं, तर बायको शेजारीच उभी.

तेव्हा जाईबाई पुढं झाली आणि तिनं हात जोडले. "भौजी, पोरीचं बोट लागलं असन. तिले तिथून का दिसते इथं काय झालं ते. माह्यावर राग काढा." आणि आत जाऊन तिनं मेन स्विचच बंद केला. सगळं घर काळोखात गेलं. काळोखात ती नवऱ्याला फक्त एवढंच म्हणाली, "चष्मा लावत जा."

मला वाटलं, दिवा गेला म्हणून म्हणतेय.

त्यानंतर डोमाजी पुष्कळ दिवस कुंपणाशी आला नाही. बुधाजी त्याच्या दारावरून मान खाली घालून जायचे. पण बटण दाबणं त्यांनी सोडलं नाही. उलट त्यानंतर मी बहुतेक संध्याकाळी गुलाबीच होऊ लागले. गुलाबी आला की जाईबाई नीट जेवायची. आठवण येते म्हणून पोरगी कळवतेय, असं तिला वाटत असेल, असं मी समजायची. बुधाजी तिच्या शेजारी बसून दुसरीकडं पाहायचे.

एप्रिलमध्ये, चौदा तारीख होऊन गेल्यावर, बुधाजींच्या छातीत दुखलं. जयंतीला त्यांनी मला पूर्ण निळी केली होती, शिडीवर चढून माझी धूळ पुसली होती, काळ्या फटीवरूनसुद्धा फडकं फिरवलं होतं. अमरावतीला नेलं, आणि तिसऱ्या दिवशी आणलं ते पांढऱ्या कपड्यात. शेवटची गाडी दाराशी उभी राहिली. पुढं कोणी जाईना, हलवायचं कोणी म्हणेना. जाईबाई ओट्यावरून उतरली, गाडीपाशी गेली आणि तिनं पत्र्यावर दोनदा थाप मारली. मगच गाडी हलली. डोमाजीनं खांदा दिला.

दीपमाला उशिरा पोचली. मुखदर्शन झालं नाही. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आणि दोघीच उरल्या. उकाडा फार होता. संध्याकाळी दीपमाला कुलरमध्ये पाणी भरायला गेली. पत्रा उघडला, खडखड वाजला. आत खिळ्याला चामड्याची बॅग टांगलेली होती. तिनं रिमोट काढला. हिरवं बटण नव्यासारखं. पिवळं नव्यासारखं. गुलाबी बटणाचा रंग उडून ते पांढरं झालं होतं, आणि मधोमध अंगठ्याचा खड्डा पडला होता.

ती तो घेऊन ओट्यावर आली.

"आई, मी दिवाळीपासून... म्हणजे मागच्याच्या मागच्या दिवाळीपासून, काहीच पाठवलं नाही. माह्याकडून राहूनच गेलं. बाबा करत होते."

"मले माहीत आहे," जाईबाई म्हणाली.

"तुले त्यायनं सांगतलं?"

"ते काय सांगतात. कुलरचा पत्रा वाजला का रंग यायचा. थंडीत कोणी कुलर उघडते काय?" तिनं मुलीच्या हातातला रिमोट घेतला, अंगठा त्या खड्ड्यात ठेवून पाहिला. "अन् तू गुलाबी कधी पाठवलाच नाही."

"मले वाटलं, तू रडशीन."

"हो ना. म्हणून मले समजलं, हा तुया नाही." ती थोडी हसली आणि तिचे डोळे भरले. "सारा जन्म गेला, पण मले तुयी आठवण येते जाई, असं त्यायनं कधी म्हणलं नाही. घरातच त राहत होतो आमी दोघं. पण रोज संध्याकाळी कुलरमागं जाऊन म्हणत होते. मी कशी थांबवू?"

दीपमालानं गुलाबी बटण दाबलं. डबीत गंज चढला होता. मी होता नव्हता तो जोर लावला. न्हाणीकडं काही नाही, भिंतीवर काही नाही, फक्त त्या काळ्या फटीच्या अलीकडले काही दिवे गुलाबी झाले, थरथरले, आणि विझले. ते माझं शेवटचं काम.

जायच्या आधी दीपमाला म्हणाली, नवीन पट्टी लावून देतो. जाईबाई नको म्हणाली. "रंग नको पाठवू बाई. आवाज दे. काही नाही सुचलं त खोकल." खिळे तिनं स्वतः उपटले, मला सोडवलं आणि कारल्याला बांधलं. घरात धूळ खात ठेवण्यापेक्षा बरं, असं म्हणाली.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना जपा. उन्हात गोंदावर सोडू नका, पाण्यात डबी ठेवू नका, आणि साप समजून मारायच्या आधी एकदा नीट बघा. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. तुमच्या घरातलं कोणी लांब असेल, किंवा अगदी शेजारच्या खाटेवर असेल, तर त्याला जे सांगायचं ते तोंडानं सांगा. रंगाचं बटण कोणाच्याही बोटानं दाबलं जातं.

फोन येतो. कधी रोज, कधी चार दिवसांनी. आला की जाईबाई कारल्याच्या मांडवाखाली उभी राहून बोलते, मला ऐकू यावं एवढ्या जोरात. नाही आला तरी दिवेलागणीला ती ओट्यावरून उठते, चप्पल घालते, कुलरपाशी जाते आणि पत्र्यावर दोनदा टकटक करते. मग परत येऊन रिकाम्या भिंतीकडं पाहत बसते, थोडा वेळ, आणि जेवायला जाते.